नव्या पॉवर वीडरचे पहिले ऑइल: फैजपूर परिसरातील एका हंगामाचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सात अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी तण काढणारे यंत्र, विकत घेतले. आमची शेती यावल तालुक्यात फैजपूरजवळ आहे. त्यात साडेचार एकर केळी आणि तीन एकर कपाशी असते. निंदणीला वेळेवर मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी पावसाने उघडीप दिलेल्या त्या चार दिवसांत सगळ्यांनाच ते हवे असतात, म्हणून हा खर्च केला. या यंत्राविषयी मी मुद्दाम वर्षभर थांबून लिहीत आहे. ते तण किती वेगाने काढते हे विक्रेते सांगतात आणि चालवूनही दाखवतात, परंतु नव्या इंजिनातील पहिले ऑइल केव्हा आणि कसे बदलायचे, हे मला कोणीही नीट सांगितले नाही. यंत्राचे पुढचे आयुष्य ज्या कामावर अवलंबून असते, ते काम ग्राहकाला किती सोपे करून दिले आहे, यावरूनच मी या यंत्राचे आणि त्यासोबत मिळालेल्या सेवेचे मूल्यमापन करणार आहे.

कामाविषयी थोडक्यात सांगायचे तर यंत्र चांगले आहे. जमीन वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी, असेल तर मृगबागेच्या, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीच्या, दोन ओळींमधले गवत ते एका फेरीत उपटून मातीत मिसळते, कपाशीत फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत चालते आणि वळवताना फारसा जोर लागत नाही. माझ्या नोंदीप्रमाणे त्याला तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल लागते. आमच्या काळ्या जमिनीत ओल जास्त असताना पात्यांना चिखलाचे गोळे धरतात, पण हा दोष यंत्राचा नाही. त्या दिवशी कोळपेसुद्धा चालत नाही. केळीत ठिबकच्या नळ्या आधी बाजूला घ्याव्या लागतात, नाहीतर त्या पात्यांत गुंडाळल्या जातात. हँडलची थरथर अर्ध्या तासानंतर हाताला जाणवते, एवढी एक तक्रार आहे.

आता इंजिनाकडे येतो. २१२ सीसीचे, हवेने थंड होणारे, एका सिलिंडरचे हे फोर स्ट्रोक इंजिन आहे. अशी इंजिने कारखान्यातून बहुधा ऑइल न भरताच येतात. वाहतुकीत खोके आडवे-तिडवे होते आणि ऑइल सिलिंडरमध्ये किंवा एअर फिल्टरमध्ये शिरू शकते, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून खोके उघडल्यावर ऑइल भरल्याशिवाय एकदाही दोरी ओढायची नसते. दुकानदाराने यंत्र जोडून दिले आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपातून मापाने ऑइल काढून भरले. त्या पिंपावर कोणत्याही ग्रेडचे लेबल नव्हते. मी ग्रेड विचारली तेव्हा “सगळ्या मशीनला हेच टाकतो, भाऊ” एवढेच उत्तर मिळाले. त्याच वेळी मी सीलबंद डबा मागायला हवा होता. बेचाळीस हजारांच्या यंत्रात जे सहाशे मिलिलिटर ऑइल जाते, त्याची ग्रेड ग्राहकाला लेखी मिळावी, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

पुस्तिकेत पहिला बदल २० तासांनी किंवा एका महिन्याने, जे आधी येईल तेव्हा करावा, असे छापले आहे. मीही तेवढेच धरून चाललो होतो. त्याच सुमारास माझ्या पुतण्याचा फोन आला. तो कॅनडात एडमंटनला राहतो आणि घरासमोरचा बर्फ उडवून बाजूला टाकणारे यंत्र, ज्याला तिकडे स्नो ब्लोअर म्हणतात, त्याने आदल्या हिवाळ्यात नवे घेतले होते. मी यंत्राचे वर्णन करू लागलो तेव्हा तो म्हणाला, “काका, माझ्या मशीनचं इंजिन जवळजवळ असंच आहे, आणि माझ्या पुस्तकात पहिलं ऑइल पाच तासांनी बदला असं लिहिलंय.” एकाच धाटणीच्या दोन इंजिनांपैकी एकाला पाच तास आणि दुसऱ्याला २० तास का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. पाच तासांचा एक जादा बदल केल्याने इंजिनाचे काही नुकसान होत नाही, खर्च फक्त सहाशे मिलिलिटर ऑइलचा होतो, असा हिशेब करून मी दोन्ही पाळायचे ठरवले. बाहेर आलेले ऑइल पाहिल्यावर हा निर्णय योग्य होता याची खात्री पटली.

पहिल्या बदलाचे कारण समजून घेण्यासाठी इंजिनाच्या आत काय चालते ते पाहावे लागते. नव्या सिलिंडरच्या आतील भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक आडवे-तिरपे ओरखडे ठेवलेले असतात. पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही तासांत त्या भिंतीवर घासून आपली जागा पक्की करतात आणि त्या घासण्यातून धातूचा अत्यंत बारीक कीस सुटतो. मोटारीच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो आणि फिल्टरही असतो, त्यामुळे असा कीस फिल्टरमध्ये अडकतो. या लहान इंजिनात बहुधा दोन्ही नसतात. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक लहानसा तुकडा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात तळाच्या ऑइलात बुडतो आणि ते सगळीकडे उडवतो. वंगणाची सगळी व्यवस्था एवढीच. म्हणजे सुटलेला कीस त्याच सहाशे मिलिलिटरमध्ये फिरत राहतो आणि बेअरिंगवर, रिंगांवर, कॅमवर पुन्हा पुन्हा उडवला जातो. तो बाहेर काढण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे ऑइल काढून टाकणे.

या इंजिनाला तासमापक नाही, हा मला जाणवलेला पहिला मोठा उणेपणा. सगळी देखभाल तासांवर बेतलेली असताना तास मोजायचे साधनच न देणे समजण्यासारखे नाही. मी हँडलला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक छोटी वही बांधून ठेवली आणि चालू-बंदची वेळ लिहू लागलो. पेट्रोलचा हिशेब त्याला पडताळा म्हणून उपयोगी पडला. पुढे स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा एक साधा तासमापक मिळाला, तो बसवला. यंत्र भाड्याने देणाऱ्यांनी तर तो पहिल्याच दिवशी बसवावा, कारण चार जणांच्या हाती फिरणाऱ्या यंत्राचे तास कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

पाच तास भरले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. ऑइल गरम असताना पातळ असते आणि तळाशी बसू पाहणारा कीस त्यात तरंगत असतो, म्हणून इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद केले. मग ते खळ्यातील सपाट फरशीवर घेतले, पेट्रोलची चावी बंद केली आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवली. टोपी काढणे हे उगाच सांगितलेले नाही. पाती हाताने फिरवताना इंजिनाने एखादा ठोका घेतला तर बोटे जाऊ शकतात. सायलेन्सर त्या वेळी चांगलाच तापलेला असतो, त्याकडेही लक्ष असावे. त्यानंतर ऑइल भरायच्या झाकणाभोवतीची आणि खालच्या ड्रेन बोल्टभोवतीची माती आधी ब्रशने, मग फडक्याने पुसून घेतली. आमच्याकडची माती पिठासारखी बारीक असते आणि झाकण उघडताच ती आत पडू शकते, म्हणून माझ्या मते या सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कीस काढायला जायचे आणि माती आत सोडायची, असे होता कामा नये.

ड्रेन बोल्टपाशी मात्र यंत्राच्या रचनाकारांविषयी मनापासून नाराजी वाटली. बोल्ट इंजिनाच्या तळाला, पुढच्या बाजूस आहे आणि त्याच्या बरोबर खाली चौकटीची लोखंडी पट्टी येते. बोल्ट काढला की ऑइल सरळ भांड्यात न पडता पट्टीवर सांडते, तिथून गिअरबॉक्सच्या कवचावर ओघळते आणि शेवटी जमिनीवर येते. दहा-पंधरा सेंटिमीटरची एक नळी कारखान्यातच जोडून दिली असती तर हा प्रश्न उरला नसता. मी १६ मिलिमीटरच्या जुन्या ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा घेतला, तो लांबीत चिरून पन्हळीसारखा उघडला आणि बोल्टच्या खाली, पट्टीच्या वरून बाहेर काढला. ऑइल त्या पन्हळीतून नीट भांड्यात आले. आमच्या भागात अशी नळी प्रत्येक बांधावर पडलेली असते, त्यामुळे ही युक्ती कोणालाही करता येईल. काही जण वरच्या तोंडातून मोठ्या सिरिंजने ऑइल ओढून घेतात. ते स्वच्छ काम आहे खरे, पण तळाचा गाळ त्यात येत नाही, आणि पहिल्या बदलात नेमका तोच काढायचा असतो.

बोल्टविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. तो कारखान्यात फार आवळलेला होता आणि त्यावरून रंगही मारलेला होता. अशा वेळी उघड्या तोंडाचा पाना वापरला की बोल्टचे कोपरे गोल होतात, म्हणून रिंग पानाच वापरावा. आमच्या यंत्राला दहा नंबरचा लागला. बसवतानाची चूक त्याहून महाग पडते. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे आहे आणि बोल्ट पोलादाचा, त्यामुळे जोर जास्त झाला तर आटे जातात ते कवचाचेच. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या यंत्राचे असेच झाले आणि भर हंगामात नवे आटे पाडून घेण्यासाठी त्यांना इंजिन सोडवून सावद्याला न्यावे लागले. आधी हाताने पूर्ण फिरवून घ्यावे, मग पान्याने बोल्टखालचे वायसर (गळती रोखणारी चकती) दाबले जाईल एवढेच आवळावे. ते वायसर प्रत्येक वेळी नवे असणे चांगले. काही रुपयांची वस्तू आहे, पण यंत्रासोबत दिलेल्या पिशवीत स्पार्क प्लगचा पाना, दोन जादा बोल्ट आणि कंपनीचे स्टिकर होते, वायसर मात्र एकही नव्हते.

बाहेर आलेले ऑइल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात घेतले होते. पाच तासांतच त्याचा रंग करडा झाला होता आणि भांडे उन्हात तिरपे केले की त्यात चंदेरी झाक दिसत होती, जणू कोणी अभ्रकाची पूड मिसळली आहे. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून मी त्यात फिरवले. पिशवीवर काळसर लव धरली, ती बोटांत चोळल्यावर बारीक रेतीसारखी लागली. ही लव लोखंडाची, म्हणजे रिंगा, सिलिंडर आणि गिअर यांची. जी चकाकी चुंबकाला चिकटली नाही ती ॲल्युमिनियमची असावी, कारण पिस्टन आणि कवच त्याच धातूचे असते. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. नव्या इंजिनात एवढा कीस निघणे स्वाभाविक आहे. तुकडे किंवा टोकदार पापुद्रे दिसले तर मात्र यंत्र चालवू नये आणि वॉरंटीतच दाखवावे. २० तासांच्या बदलात झाक बरीच कमी होती. ७० तासांच्या बदलात ऑइल काळे होते, परंतु चकाकी जवळपास नव्हती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे काळे ऑइल दिसले की ते बिघडले आणि स्वच्छ दिसले की चांगले, असे धरले जाते. काळेपणा हा ज्वलनातील काजळीचा असतो आणि ती काजळी आपल्यात धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. नव्या इंजिनातले सोनेरी दिसणारे ऑइल मात्र किसाने भरलेले असू शकते.

हेच कंपनीच्या मेकॅनिकला पटवून देणे मला जमले नाही. ‘पहिली सर्व्हिस मोफत’ असे बिलावर छापलेले होते, त्यानुसार महिना पूर्ण झाल्यावर, म्हणजे यंत्राचे २० तास भरत आले असताना, ते गृहस्थ आले. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, काढून पाहिली, बाटलीतून थोडे ऑइल वर टाकले, एअर फिल्टरचे झाकण न उघडताच त्यावर थोपटले आणि कार्डावर शिक्का मारला. मी बदलण्याविषयी विचारले. “रंग चांगला आहे, भाऊ. हंगाम झाल्यावर बघू,” असे ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या पुस्तिकेतील पान मी दाखवले, तेव्हा ऑइल बदलायचे तर त्याचे पैसे वेगळे पडतील आणि आता ते सोबत आणलेले नाही, असे उत्तर मिळाले. माणूस बोलायला सभ्य होता आणि त्या दिवशी त्याला आणखी पाच गावे करायची होती, हेही मी समजू शकतो. परंतु वरून थोडे टाकणे म्हणजे बदलणे नव्हे. ज्या सेवेत नव्या इंजिनाचे ऑइल बदलले जात नाही, तिला पहिली सर्व्हिस म्हणणे ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे, कारण शिक्का पाहून तो निश्चिंत होतो आणि तेच ऑइल दिवाळीपर्यंत चालवतो. आमच्या गावात असे करणारे दोन जण मला माहीत आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः ऑइल बदलले आणि बिलाची प्रत वॉरंटी कार्डाला टाचून ठेवली. प्रत्येकाने हे करावे. पुढे वाद झाला तर वहीतली नोंद आणि डब्याचे बिल हाच आपला पुरावा असतो.

कोणते ऑइल भरायचे, हा पुढचा प्रश्न. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० सांगितले आहे. पुतण्या त्याच्या यंत्रात ५डब्ल्यू-३० घालतो. या आकड्यांतला डब्ल्यू हा हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती प्रवाही राहते ते दाखवतो आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा दाखवतो. एडमंटनला पारा शून्याखाली २५-३० अंशांपर्यंत जातो. तिथे आपले नेहमीचे ऑइल काकवीसारखे घट्ट होईल, दोरी ओढली तरी इंजिन फिरणार नाही आणि फिरले तरी ती पळी ऑइल उडवू शकणार नाही, म्हणून त्याच्या डब्यावरचा पहिला आकडा लहान. आमचे यंत्र सुरू होते तेच ३० ते ३५ अंशांत, आणि मे महिन्यात नांगरटीनंतरची ढेकळे फोडायला काढले तर भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत. आम्हाला पहिल्या आकड्याची चिंता नाही, दुसऱ्याची आहे. हवेने थंड होणारे इंजिन एवढ्या उन्हात जास्त तापते, ऑइल पातळ होते आणि रिंगांवरून वर जाऊन थोडे जळतेही. माझ्या यंत्रात जुलै-ऑगस्टमध्ये १०डब्ल्यू-३० ची पातळी टिकून राहिली, पण एप्रिल-मेमध्ये आठ-दहा तासांत ती डिपस्टिकच्या खालच्या खुणेकडे सरकलेली दिसली. पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यात कडक उन्हासाठी एसएई ३० हे साधे एकाच ग्रेडचे ऑइलही मान्य केलेले आहे, म्हणून उन्हाळ्यात मी ते वापरले आणि घट कमी झाली. ते तालुक्याच्या दुकानांत सहसा मिळत नाही, मला जळगावहून आणावे लागले. ज्यांना तेवढे शक्य नसेल त्यांनी १०डब्ल्यू-३० च ठेवावे आणि उन्हाळ्यात पातळी रोज पाहावी. मोटरसायकलसाठी मिळणारे फोर-टी, म्हणजे फोर स्ट्रोक, प्रकारचे १०डब्ल्यू-३० या इंजिनाला चालते; लिटरचा सीलबंद डबा मला चारशे रुपयांच्या आत मिळाला.

इथे एक इशारा आवश्यक आहे. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप अनेकांकडे आहेत आणि त्यांतले बरेच टू स्ट्रोक असतात, ज्यांच्या पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते. त्या सवयीने पॉवर वीडरच्या टाकीतही ऑइल मिसळलेले पेट्रोल ओतले जाते आणि इंजिनात वेगळे ऑइल भरायचे असते याचा विसर पडतो. फोर स्ट्रोक इंजिनाच्या टाकीत साधे पेट्रोल आणि तळात वेगळे ऑइल, अशी दोन स्वतंत्र ठिकाणे आहेत. दुकानदाराने टाकीच्या झाकणावर मराठीत चार शब्दांची चिठ्ठी चिकटवली तरी अनेक इंजिने वाचतील.

भरताना मी डब्यावरच्या खुणा पाहून आधी अर्धा लिटर ओतले, दोन मिनिटे थांबलो आणि मग थोडे थोडे टाकत पातळी पाहिली. आमच्या इंजिनात डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. काही कंपन्यांच्या इंजिनांत ती पूर्ण फिरवून पाहायची असते, त्यामुळे आपल्या पुस्तिकेतले चित्र बघूनच ठरवावे. कमी ऑइल धोक्याचे आहे हे सर्वांना कळते, जास्त ऑइलचा धोका मात्र फारसा कोणी मनावर घेत नाही. पातळी वर गेली की पळी ते घुसळून फेसाळते, ते इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरच्या नळीतून) एअर फिल्टरकडे जाते, फिल्टर ओला होतो आणि इंजिन निळा धूर सोडू लागते. भरून झाल्यावर इंजिन मिनिटभर चालवून बोल्टखाली बोट फिरवले, गळती नाही याची खात्री केली आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली. पहिल्या वेळी सगळ्याला पाऊण तास लागला, आता वीस मिनिटे लागतात.

एअर फिल्टरविषयी लिहिल्याशिवाय ऑइलचा विषय पूर्ण होत नाही. पुतण्याच्या बर्फाच्या यंत्राला एअर फिल्टरच नाही, हे ऐकून मी चकित झालो होतो. बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर बसवला तर उडालेला बर्फ त्यावर गोठून हवाच बंद होईल, असे त्यामागचे कारण आहे. तिथे नसलेली धूळ इथे आमच्या यंत्राभोवती दिवसभर असते. फिल्टरमधून निसटलेली माती सिलिंडरमध्ये जाते, तिथून ऑइलात उतरते आणि मग तेच ऑइल घासकागदासारखे काम करू लागते. फेसाचा फिल्टर मी दर आठ-दहा तासांनी साबणाच्या पाण्यात धुतो, सावलीत पूर्ण वाळवतो, त्यावर इंजिन ऑइलचे काही थेंब टाकून दाबून पिळतो आणि बसवतो. पुस्तिकेत पुढचे बदल १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी सांगितले आहेत, परंतु धुळीत काम असेल तर अंतर कमी करावे अशी ओळही तिथेच बारीक अक्षरांत आहे. आमचे सगळे कामच धुळीतले असल्याने मी ५० तास धरतो. या बाबतीत माझे वडील माझे गुरू. विजेच्या मोटारी येण्यापूर्वी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते आणि त्याचे ऑइल ते दोन बोटांत चोळून, नखावर थेंब घेऊन उन्हात पाहत असत. बदलायची वेळ झाली की पीक पाण्यावर आलेले असले तरी इंजिन तासभर बंद ठेवत.

पाती साफ करण्यासाठी यंत्र कलवताना एअर फिल्टरची बाजू वर राहील असे पाहावे, नाहीतर ऑइल त्या बाजूला जाते. गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, ते ९० नंबरचे आणि दाट. आमच्या यंत्रात ते कारखान्यातून पुरेसे भरलेले होते आणि ५० तासांनी बदलले तेव्हा त्यातही बराच कीस निघाला.

काढलेल्या ऑइलचे काय करायचे, हा प्रश्न विक्रेत्याने किंवा पुस्तिकेने नीट हाताळलेला नाही. गावात ते बैलगाडीच्या आसाला लावतात, वाळवीसाठी कुंपणाच्या लाकडांना चोपडतात, किंवा सरळ बांधावर ओततात. वापरलेल्या ऑइलात धातू आणि ज्वलनातील विषारी अंश असतात, आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यात होते. केळीची मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात आणि आमच्या विहिरी त्याच मातीतून झिरपलेल्या पाण्यावर भरतात, त्यामुळे ते मातीत ओतणे मला मान्य नाही. मी ते पाच लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि भुसावळला जाणे झाले की तिथल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये देतो, जिथून ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते. त्या गॅरेजने आजवर एकदाही नकार दिलेला नाही.

आज यंत्राचे १२३ तास भरले आहेत. दोरी दुसऱ्या ओढीला सुरू होते, धूर नाही आणि ड्रेन बोल्टखाली ओलही नाही. या पावसाळ्यानंतर ते दोन-तीन महिने उभे राहील, तेव्हा टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून घेईन, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल धरते. आणि ऑइल हंगाम सुरू होताना नव्हे, तर यंत्र उभे करण्याआधीच बदलीन, म्हणजे वापरलेल्या ऑइलातील आम्ल आणि ओल बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहणार नाही. ड्रेन बोल्टला नळी आणि पिशवीत चार वायसर द्यावेत, अशी सूचना मी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी पाठवली आहे. उत्तर आलेले नाही. वायसर मात्र आता फैजपूरच्या सुट्या भागांच्या दुकानात दहाच्या पाकिटात मिळू लागली आहेत.